चार बोटांचा प्ले

आमच्या जीपच्या स्टिअरिंगला चार बोटं प्ले होता. म्हणजे स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी पुढची चाकं ढिम्म हलायची नाहीत. मग खालून कुठूनतरी ‘टक्क’ असा आवाज यायचा आणि त्यानंतर गाडीला कळायचं, की आपल्याला वळायचं आहे. शिवाय सरळ सोडली तर ती डावीकडे ओढायची. नवखा माणूस बसला की शंभर पावलांत शिव्या घालायला लागायचा. माझ्या वडिलांनी, आबांनी, ती तशीच तीसेक वर्षं चालवली आणि तिला कधी नाव ठेवलं नाही.

आबा पाटबंधारे खात्यात ड्रायव्हर होते. आधी माढ्याला, मग जेऊरला, शेवटी सोलापुरात. कालव्याच्या कडेनं जाणारे मातीचे रस्ते, एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला ऊस, त्यावरनं साहेबांना न्यायचं आणि आणायचं, एवढंच त्यांचं काम. उजवीकडे आबा आणि डावीकडच्या सीटवर साहेब. ती डावी सीट आबांच्या लेखी साहेबांचीच. पुढं खात्यानं जीप लिलावात काढली आणि आबांनी ती विकत घेतली, तरी ते आईलासुद्धा डावीकडे बसताना म्हणायचे, “बस, बस, आज तू साहेब.” आई हसायची आणि पदर सावरून बसायची. ती जाऊन आता नऊ वर्षं झाली.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण ती माझ्या डोक्यातून कधी गेली नाही. माढ्याला माझी शाळा रस्त्याला लागून होती. जीप रिकामी असली की आबा फाटकापाशी थांबायचे आणि मला मागं टाकून घरी सोडायचे. साहेब बसलेले असले की जीप थांबायची नाही. मला ते माहीत होतं. पण तिसरीत असताना एकदा अंगात ताप होता, डोकं गरगरत होतं, आणि लांबून जीप येताना दिसली. मी दप्तर टाकून रस्त्यावर आलो, दोन्ही हात वर केले, हाका मारल्या. जीप अंगावर धूळ उडवून निघून गेली. आबांची नजर सरळ समोर. संध्याकाळी आईनं विचारलं तर म्हणाले, “साहेब व्हते.” बास, दोन शब्द. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. मला वाटलं, यांनी मला बघितलंच नाही. बरं, मोठा झाल्यावर तरी सोडून द्यावं की नाही? नाही. भांडण झालं की मी हटकून ते काढायचो. “तुमी थांबला नव्हता,” म्हणायचो. आबा त्यावर उठून जीप पुसायला जायचे.

मी स्वभावानं तापट आहे. बायको म्हणते, कपबशी हातातून पडली तरी तुम्ही कपबशीवरच ओरडता. खरं आहे ते.

जीप उंच केली ती माझ्या हौसेपायी. मोबाईलवर व्हिडिओ बघायचो, उंच उंच जीपा खडकावरून, ओढ्यातून चाललेल्या. म्हटलं, आपली पण करू. आबा तेव्हा ठणठणीत होते. मी स्प्रिंगचे पाटे एक्सलच्या वर घेतले, मोठे टायर टाकले, गाडी चांगली पाच इंच वर उचलली. घरी आणली तर आबा कंबरेवर हात ठेवून बघत राहिले. “गाडी हाय का उंट?” म्हणाले. “आता चढायला शिडी आणू व्हय?” पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच चढले आणि चक्कर मारून आले.

गाडी उंच केली की काय बिघडतं, ते सोप्यात सांगतो. स्टिअरिंगच्या डब्याखाली एक आर्म लोंबत असतो. त्याला एक रॉड. तो रॉड जातो मधोमध खुंटीवर फिरणाऱ्या एका लोखंडी तुकड्याला, त्याला बेलक्रँक म्हणतात. आणि बेलक्रँकपासून दोन रॉड दोन चाकांना. आमचा चार बोटांचा प्ले आणि तो ‘टक्क’ आवाज, दोन्ही त्या बेलक्रँकच्या झिजलेल्या बुशचे, म्हणजे खुंटीभोवती बसणाऱ्या नळीचे. तर हे सगळे रॉड जवळजवळ आडवे असायला पाहिजेत. गाडी उचलली की ते तिरके होतात. मग चाक खड्ड्यात गेलं, की रॉड आपोआप ओढला जातो आणि स्टिअरिंग कुणी न फिरवता गर्रकन फिरतं. हातात असेल तर हाताला झटका देऊन फिरतं.

थोडा झटका आधीही बसायचाच, म्हणून आबांचा पहिल्यापासून एक नियम होता. अंगठा बाहेर. स्टिअरिंग धरताना अंगठा आत गुंडाळायचा नाही, वरच्या बाजूला मोकळा ठेवायचा. मला शिकवताना शंभरदा ओरडले असतील. “अंगठा बाहीर! मोडायचाय का?” मी मान डोलवायचो आणि दोन मिनिटांत अंगठा परत आत.

तीन वर्षांपूर्वी आबा विसरायला लागले. आधी चष्मा, किल्ल्या. मग भाजी घ्यायला गेले आणि रिकाम्या पिशवीनं परत आले. मग एक दिवस माझ्याकडे बघून हात जोडले, “जय भीम,” म्हणाले, आणि बायकोला विचारलं, “पाव्हणं कुठनं आलं?” बायको आत गेली आणि ओट्यापाशी उभी राहून रडली. मी रडलो नाही. मी डॉक्टरांवर चिडलो. ते बिचारे शांतपणे म्हणाले, “हे दुरुस्त होणारं नाही. सांभाळायचं.” मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांच्या नावानं बडबडत उतरलो.

पण जीपचं एक नवल होतं. जीपमध्ये बसले की ते मला ओळखायचे.

हे आम्हाला योगायोगानं कळलं. रस्त्यावर गाडी द्यायची तर सोयच नव्हती, किल्ली मी लपवून ठेवली होती. पण एका रविवारी फार कुरकुर करायला लागले, म्हणून त्यांना शहराबाहेरच्या माळावर घेऊन गेलो. चिटपाखरू नव्हतं. त्यांना उजवीकडे बसवलं, मी डावीकडे, हात हँडब्रेकवर. आबांनी स्टिअरिंग धरलं, अंगठे बाहेर. चार बोटं उजवीकडे फिरवलं, टक्क. चार बोटं डावीकडे, टक्क. “हां,” म्हणाले, “हाय.” दाराला कडी आहे का बघावं, तसं. पहिल्या गिअरमध्ये गाडी हलली, आणि दहा-बारा पावलं गेल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “काय रं, जेवलास का?”

काय सांगू! चार महिन्यांनी त्यांनी मला अरे-तुरे केलं होतं. मी म्हणालो, “व्हय आबा, जेवलो.” म्हणाले, “मग तोंड का उतरलंय?”

त्यानंतर दर रविवारी आमचा तोच कार्यक्रम. बायको भाकरी आणि शेंगाचटणी बांधून द्यायची. अर्धा तास आबा माळावर गोल गोल गाडी फिरवायचे आणि त्या अर्ध्या तासात मी त्यांचा मुलगा असायचो. आईबद्दल बोलायचे, जेऊरच्या क्वार्टरबद्दल, माझ्या गणितातल्या मार्कांबद्दल. खाली उतरले की परत पाव्हणा. आठवडाभर मी त्या अर्ध्या तासाच्या जिवावर काढायचो.

एका रविवारी पुढचं चाक एका दगडावर चढलं आणि स्टिअरिंग उसळलं. आबांचे हात नुसते वर उचलले गेले, त्यांना काही झालं नाही. मी घाबरून शेजारून स्टिअरिंग पकडलं, घट्ट, अंगठा आत घालून. कडकन आवाज आला. माझा उजवा अंगठा मोडला. आबांनी गाडी थांबवली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, “सांगितलं व्हतं का न्हाय?” डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

हाताला प्लास्टर घालून मी घरी आलो आणि त्याच रात्री जेवताना ठरवून टाकलं, की आता हे स्टिअरिंग दुरुस्त करायचं. कायमचं. बायको म्हणाली, “अहो, माळावर तर फिरवतात. त्यांना कुठं शर्यत लावायचीय?” मी म्हणालो, “तुला त्यातलं काय कळतंय?” तिला कळत होतं, मलाच कळत नव्हतं.

आधी एका गॅरेजवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, हाच आर्म तापवून वाकवून देतो, संध्याकाळी घेऊन जा. मी त्याला असा झापला, की शेजारच्या टपरीवरची माणसं उठून बघायला आली. स्टिअरिंगचा आर्म तापवून वाकवतात का? उद्या तुटला तर माणूस जाईल की नाही? तिथून गेलो आमच्या जुन्या मिस्त्रीकडे. हा मिस्त्री आबांच्या नोकरीपासूनचा, सत्तरीला आलेला, आबांना अजून ‘ड्रायव्हरसाब’ म्हणणारा. जमिनीवर पोतं टाकून त्याच्यावर पाठ टेकली, गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही.

बाहेर येऊन त्यानं दोन रस्ते सांगितले. पहिला, लांब आर्म विकत आणून लावायचा, म्हणजे रॉडचं टोक खाली येतं आणि तिरकेपणा बराचसा जातो. बाकी सगळं आहे तेच ठेवायचं, बेलक्रँक, तिचा बुश, तो प्ले, सगळं. दुसरा, बेलक्रँक काढूनच टाकायची. डबा फिरवून बसवायचा, दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड रॉड, आणि डब्यापासून चाकाच्या आर्मपर्यंत दुसरा, वरच्या अंगानं, सरळ आडवा. प्ले गेला, ओढणं गेलं, झटका गेला.

“गाडी चलाएगा कौन, ये बोलो पहले,” मिस्त्री म्हणाला.

“आबा. माळावर. दहाच्या स्पीडनं.”

“तो लंबा आर्म डालो ना, बस. ड्रायव्हरसाब के हातां को येच गाडी मालूम है.”

म्हातारा इतकं स्पष्ट बोलला होता. पण माझं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं. मी म्हणालो, अर्धवट काम नको. करायचं तर एकदम पक्कं. आज लिहिताना मला माझाच राग येतो. मला खरं तर जीपचं काही पडलं नव्हतं. डोळ्यांसमोर एक माणूस रोज थोडा थोडा झिजत होता, आणि डॉक्टर म्हणत होते, दुरुस्त होणार नाही. मग जे दुरुस्त होण्यासारखं होतं, ते मी पार शेवटच्या नटापर्यंत दुरुस्त करायला निघालो. मिस्त्रीनं खांदे उडवले. “तुमारी मर्जी,” म्हणाला. काढलेले जुने रॉड आणि बेलक्रँक त्यानं पोत्यात घालून माझ्या हातात दिले. “फेकना नक्को,” एवढंच बोलला.

त्या कामाला दीड महिना लागला. एक आर्म पुण्याहून यायचा होता, तो चुकीचा आला, परत पाठवला, पुन्हा मागवला. मिस्त्री मधेच तापानं पडला. सहा-सात रविवार तसेच गेले. आबा सकाळी अंगणात येऊन जीपच्या रिकाम्या जागेकडे बघायचे आणि आत जायचे. मी म्हणायचो, थांबा थोडं, अशी करून आणतो की नुसतं बोट लावलं तरी वळेल.

आणि तशीच झाली, खोटं कशाला बोलू. मी स्वतः चालवत घरी आणली. बाणासारखी सरळ. खड्ड्यात घातली तरी स्टिअरिंग जागचं हललं नाही. मी एकटाच गाडीत मोठमोठ्यानं हसत होतो.

रविवारी आबांना माळावर नेलं. स्टुलावर पाय ठेवून चढवलं, बसवलं. त्यांनी स्टिअरिंग धरलं, अंगठे बाहेर. चार बोटं उजवीकडे फिरवलं. आवाज नाही. खाली चाकं लगेच वळली, मातीत करकरली. आबा दचकले. चार बोटं डावीकडे. आवाज नाही. त्यांनी हात काढून मांडीवर ठेवले.

“ही आपली गाडी न्हाय,” ते म्हणाले.

“आबा, आपलीच हाय. दुरुस्त केली.”

“न्हाय. कुणाची हाय ही? परत द्या. सरकारी आसंल तर खात्यात कळवाय पायजे.” आणि उतरायला लागले. पाच इंच उंच गाडी, पाय जमिनीला पुरेना, तसेच लोंबकळले. मी धावत जाऊन धरलं. धरलं आणि ओरडलो. “तुमचीच हाय ही! तुमच्यासाठीच केलीय सगळी! दीड महिना मी काय झक मारत होतो काय?”

त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. “चुकलं साहेब,” म्हणाले.

बापाला हात जोडायला लावले मी. त्या दिवशी मात्र रडलो. माळावर, उन्हात, त्यांना धरून उभ्या उभ्या रडलो, आणि ते माझ्या पाठीवरून अनोळखी माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा, जरा संकोचानं, हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन मिस्त्रीकडे गेलो. म्हटलं, सगळं जुनं परत बसवा. बेलक्रँक, बुश, सगळं. लांब आर्म टाका, पण प्ले तेवढा ठेवा, चार बोटं. मला वाटलं, म्हातारा आता चांगला सुनावणार. लंगडी गाडी नीट करून दिली आणि हा ती परत लंगडी करायला सांगतोय. पण पोत्यातनं बेलक्रँक काढून त्यानं ती फडक्यानं पुसली आणि म्हणाला, “परसों आना.” परवाचे दहा दिवस झाले, पण काम त्यानं मनापासून केलं. बुश नवा टाकला असता तर सोपं पडलं असतं. त्यानं जुनाच बसवला आणि स्टिअरिंगवर माझी बोटं ठेवून मोजायला लावली. चार भरली.

त्या रविवारी आकाशात ढग नव्हते, वारा होता. बायकोही आली होती, ती लांब बाभळीखाली सतरंजी टाकून बसली. मी आबांना स्टुलावरून चढवलं. मधल्या दोन महिन्यांत ते फार हलके झाले होते. मी फिरून डावीकडे आलो आणि बसलो. परीक्षेच्या निकालाला कधी इतका घाबरलो नाही मी.

त्यांनी स्टिअरिंग धरलं. अंगठे बाहेर. चार बोटं उजवीकडे.

टक्क.

चार बोटं डावीकडे.

टक्क.

“हां,” आबा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. “हाय. आपलीच हाय.”

मी वाट बघत होतो. आता माझ्याकडे वळतील, आता म्हणतील, काय रं, जेवलास का. ओठांवर उत्तर तयार होतं माझ्या. आबा वळले. माझ्याकडे त्यांनी नीट बघितलं. मग स्टिअरिंगवरून एक हात काढला, शर्टाचं गळ्यापाशी उघडं असलेलं बटण लावलं, आणि पाठ ताठ केली.

“साहेब,” ते म्हणाले, “रागावणार नसला तर एक इचारू का?”

“इचारा की,” कसंबसं म्हणालो.

“म्होरं शाळा हाय. आमचं बारकं पोरगं हुबं आसंल फाटकापाशी. ताप हाय त्याला.” बोलताना त्यांचा आवाज खाली आला. “दोन्ही हात वर करून हाका मारतंय ओ. मी बघतो आन तसाच म्होरं जातो. आज एवढं दोन मिन्टं थांबू का? मागं बसंल गुमान. तुमास्नी तरास न्हाय व्हायचा.”

“थांबा,” मी म्हणालो. “थांबा की. मला घाई न्हाय.”

“लई उपकार झाले साहेब.” त्यांनी गाडी चालू केलीच नव्हती, तरी किल्ली फिरवून बंद केली, हँडब्रेक ओढला आणि समोरच्या मोकळ्या माळाकडे मान उंच करून बघायला लागले. थोड्या वेळानं माझी समजूत काढल्यासारखे म्हणाले, “यील आता. बारकं हाय, हळू चालतंय.”

“येऊ द्या सावकाश,” मी म्हणालो.

बायको दोनदा हात करून बोलवत होती, भाकरी वाळत होती. आम्ही उतरलो नाही. ऊन कलेपर्यंत आम्ही दोघं जीपमध्ये तसेच बसून माझी वाट बघत होतो.